डाव्या तोंडाचे अभ्रे

आमच्या घरी झालर माझ्याआधी मिक्सरला मिळाली. पिवळ्या छिटाचा, खाली लाल पट्टी लावलेला, दोन्ही अंगांना बारीक चुण्या घातलेला झगा आईनं त्याच्यासाठी शिवला. तो घालून मिक्सर ओट्यावर अशा तोऱ्यात बसला की आल्यागेल्या बायका आधी त्याच्याकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. माझा दिवाळीचा फ्रॉक दारव्ह्याच्या दुकानातून तयार आणलेला असायचा. आई अंगावर घालायचं काही शिवत नसे. माणसं वाढतात, सुटतात, वाळतात, त्यांच्या मापाचा भरवसा नाही. वस्तू बिचाऱ्या आहेत तेवढ्याच राहतात, असं तिचं म्हणणं. त्यामुळं ती शिवायची ते सगळं घराला लागणारं. उशांचे अभ्रे, बाजाराच्या पिशव्या, दाराचे पडदे, चुलीवरचं भांडं उतरवायची फडकी आणि दिसेल त्या वस्तूची खोळ.

मिक्सरचा हेवा करणारी मुलगी मोठी होऊन कशी होणार? मी अजून तशीच आहे. पन्नाशी उलटली, केसांना मेंदी लागली, पण कुणाच्या ताटात माझ्यापेक्षा मोठं वाढलेलं मला लांबून दिसतं. मागच्या महिन्यात दुपारी आडवी होऊन मोबाइल चाळत होते. कुणाचं लोणचं, कुणाची रांगोळी, असं करता करता एक व्हिडिओ आला. "नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण घरच्या घरी उशीचा सोपा अभ्रा शिवणार आहोत." चेहरा दिसत नव्हता, नुसते हात. हातांत हिरव्या बांगड्या, बोटात चांदीची अंगठी. त्या हातांनी उशी कापडावर ठेवली, कडेला दोन बोटं जागा सोडली, तोंडाशी वीतभर पदर जास्तीचा घेतला, कड दुमडून अंगठ्याच्या नखानं घडी मोडली आणि त्या घडीवर हलकी फुंकर मारली. मी उठून बसले.

ती फुंकर माझ्या आईची होती.

पुढचं बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. अभ्रा शिवून झाला. हातांनी तो सुलटा केला, आत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी घालून चारी कोपरे टोकदार केले आणि तो कॅमेऱ्यासमोर धरला. एका कोपऱ्यात कापडी फूल होतं. फूल सरळ धरलं आणि अभ्र्याचं तोंड डावीकडे आलं. खाली बायकांनी लिहिलं होतं, ताई किती सफाई, ताई शिवण किती सरळ, ताई ती काडी कुठं मिळते. आणि शेवटी तो आवाज ठरवून आणलेली पुस्तकी भाषा सोडून एकदम बोलीत उतरला, "हे मले माह्या काकूनं शिकवलं." माह्या काकूनं. आमच्या शेजारची नसीमच ती. आईच्या मशीनवर, आईच्या घरात, आईच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. काकू म्हणे हिची.

डाव्या तोंडाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझा जळफळाट कुणाला समजायचा नाही.

आई मारेगावची. लग्नाआधी तिकडे शेजारच्या एका मावशींकडे आळीतल्या पोरी शिवण शिकायला जायच्या. मशीन एकच, तेही हातानं फिरवायचं. मावशी मशीनपाशी बसत आणि पोरी त्यांच्या समोर ओळीनं. घरी जाऊन बाकीच्या पोरींनी ध्यानात आणून बाजू बदलली. आईनं मात्र डोळ्यांना जसं दिसलं तसंच उतरवलं. मावशींचा उजवा हात तिला समोरून डावीकडे दिसायचा, म्हणून ती घडी डाव्या नखानं मोडायला लागली, फूल डाव्या कोपऱ्यातून उजव्यात गेलं आणि अभ्र्याचं तोंड, जे सगळ्या गावात उजवीकडे असतं, ते तिच्याकडे डावीकडे झालं. मावशी म्हणाल्या, उसव. आई म्हणाली, उशीला काय समजते. आणि तो हट्ट तिनं हुंड्यासारखा सासरी, बोरी अरबला आणला.

आमच्या घरात सगळं डाव्या तोंडाचं. उशा, लोडाच्या खोळी, गादीवरचं जाड आवरण, पिशवीच्या आतला चोरकप्पा. मला तेच सुलटं वाटायचं. लग्न होऊन यवतमाळला आले तेव्हा सासरची उशी हातात घेऊन मी आंधळ्यासारखी भलतीकडेच तोंड चाचपत होते. आईनं रुखवतात दिलेले सहा अभ्रे जावेनं उलगडून बघितले आणि हसून विचारलं, की उलटे शिवलेत का? आणि शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली, वाकडीही आहे गं जागोजागी. ते खरंच होतं. आईची शिवण सरळ जाता जाता मध्येच कुठंतरी डुगायची आणि दोन बोटं पुढं जाऊन परत रुळावर यायची. एवढी वर्षं हात बसलेली बाई, पण तिचा एकही अभ्रा, एकही पिशवी अशी नव्हती जिच्यात ती वाकडी जागा नाही. मी ते अभ्रे पेटीच्या तळाशी ठेवले ते ठेवलेच.

आठवायला बसलं की मला आईआधी तिच्या मशीनचा वास येतो. तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा आणि कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा असा मिळून एक वास. मशीन काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी, पण हात लागून लागून वेल अर्धी पुसलेली. उजव्या बाजूला फिरवायचं चाक. चाक फिरलं की आधी एक कुईं आवाज, मग टकटक, मग सगळं एकात एक मिसळून नुसती गुरगुर. शाळेतून येताना वळणावरच ती ऐकू आली की समजायचं, आई घरी आहे, स्वैपाक उरकलेला आहे आणि तिचं माझ्याकडे लक्ष नाही.

दिवाळीनंतर कापूस घरात यायचा. गावातल्या सगळ्याच घरांत तेव्हा एखादी खोली पांढरी होऊन जायची. आम्ही पोरं त्यात उड्या मारून अंगाला खाज आणायचो. त्यातला थोडा कापूस उशांसाठी बाजूला निघे. सरकी काढून आणलेला तो कापूस घेऊन पिंजारी अंगणात बसायचा आणि त्याच्या धनुकलीचा तुईं तुईं आवाज दुपारभर चालायचा. हवेत पांढरा धुरळा, तुळशीच्या पानांवर पांढरी लव, आईच्या भुवया म्हाताऱ्या झालेल्या. नव्या कापसाच्या उशीला एक हिरवट, ओलसर वास असतो. पहिले काही दिवस तो नाकात जातो, मग आपल्याच केसांच्या तेलाचा होतो. आई म्हणायची, नवी उशी आणि नवा जावई, दोघांनाही आधी चेपून घ्यावं लागते.

उन्हाळ्यात पडदे निघायचे. जुन्या सुती लुगड्यांचे काठ कापून मधलं विरलेलं कापड दुहेरी करायचं. काठाची पट्टी वर दुमडून नाडी घालायची, की पडदा तयार. ते पडदे सकाळी ओले करून दाराला लावले की खोलीत माठासारखा गारवा उतरायचा. पावसाळ्यात पिशव्या. बाबांच्या जुन्या पँटचे दोन पाय म्हणजे दोन पिशव्या, कमरेची पट्टी म्हणजे बंद, खिसा आहे तिथंच ठेवायचा, त्यात सुटे पैसे. बाजाराच्या दिवशी आमच्या पिशव्या लांबून ओळखू यायच्या, कारण त्यांना चेन असायची. हिवाळ्यात टेबलफॅन खोळीत जाई, उन्हाळ्यात रजया. टीव्ही आला तेव्हा त्याला दोन्हीकडे सरकणारा पडदा झाला, नाटकाच्या स्टेजला असतो तसा. गॅसच्या सिलिंडरला घागरा, सायकलच्या सीटला टोपी. बाबा म्हणायचे, "एक दिवस मलेही खोळ शिवशीन तू." आई मान न वर करता म्हणायची, "तुमचं माप कुठं ठरते?"

मला त्या सगळ्यात काही नव्हतं. मला पुस्तक होतं.

घराची रचना साधी. पुढं छपरी, मध्ये एक मोठी खोली, मागं चूल. छपरीच्या लाकडी खांबाला टेकून मी अभ्यास करायची. आई मधल्या खोलीत आतल्या भिंतीशी चटई टाकून बसायची, मशीन पुढ्यात. तिथं उजेड कमी. खिडकी दुसऱ्या भिंतीला होती, तिच्या खाली चांगली ऐसपैस जागा, दिवसभर ऊन. बाबा सांगून थकले, की खिडकीपाशी बस, डोळे फोडून घेऊ नको. शेजारणींनी सांगितलं. मामा आले की सांगायचे. आई एकच म्हणायची, इथं बरं आहे. सुईत दोरा ओवायला उठून खिडकीपाशी जायची, दोरा ओवून परत आपल्या अंधाऱ्या जागी यायची. आम्ही ते तिच्या डाव्या तोंडाच्या खात्यात टाकून दिलं होतं, हट्टी बाई म्हणून.

मी कधी उठून तिच्याजवळ गेले, चिंध्यांना हात लावला, की ती म्हणायची, "तू कायले आली इकडं? जा, तिथं बस. पुस्तक धर." मी जायची. पण मला चिंध्या हव्या होत्या. मला ते चाक हवं होतं.

आणि मग नसीम आली. तिच्या अब्बांचं सायकलीचं दुकान आमच्या घराला लागून, पंक्चरच्या सोल्युशनचा वास आमच्या अंगणापर्यंत. माझ्याएवढीच, हाडानं चिवट, लांब बोटांची. एकदा तिच्या दप्तराचा बंद तुटला म्हणून ती आईकडे शिवून घ्यायला आली आणि मग रोजच यायला लागली. आधी दोरे वेचायला, मग बॉबिन भरायला. सातवीनंतर तिची शाळा सुटली तेव्हा तर सकाळची चहाच्या वेळेला यायची ती दुपारची अजान झाली की घरी जायची.

आई तिला समोर बसू द्यायची नाही. "बाजूनं बस," म्हणायची. "समोर बसशीन त माह्यासारखी उलटी शिकशीन." म्हणजे नसीम आईच्या उजव्या अंगाला, मांडीला मांडी लावून. आईचं लुगडं तिच्या सलवारीवर आलेलं. पहिल्या दिवशी चाक फिरवायला दिलं तेव्हा आईनं आपला हात नसीमच्या हातावर ठेवला आणि दोन्ही हात मिळून फिरत राहिले. मी छपरीतून बघत होते. पुस्तकात नकाशा होता, नदी कुठून कुठं जाते तो. माझं बोट अडाण नदीवर होतं आणि डोळे त्या दोन हातांवर. आईनं माझा हात तसा धरला होता तो अक्षरं गिरवताना, त्याला किती वर्षं झाली होती.

मी काय काय मोजत बसले असेन याला हिशेब नाही. आई नसीमला किती वेळा हसली. आंब्याची कोय कुणाला दिली. नसीमची शिवण वाकडी गेली की आई तिच्या बोटांवर चापट मारायची आणि मला त्या चापटीचाही हेवा वाटायचा. मला चापट बसायची ती गणितासाठी, आणि तीही बाबांची. ईदला तिच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा तो आईच्या शिवलेल्या पिशवीत यायचा. त्या पिशवीला आईनं नसीमसाठी म्हणून हिरवी गोट लावली होती. मी शीरखुर्मा खाल्ला नाही असं मात्र नाही. दोन वाट्या खाल्ला आणि रागानं खाल्ला.

नसीमची शिवण लवकरच आईपेक्षा सरळ झाली. दोरी ताणल्यासारखी. आई ती उजेडात धरून बघायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. माझं दहावीचं गुणपत्रक तिनं असं धरून दाखवल्याचं मला आठवत नाही. मी शिकले, यवतमाळला शाळेत लागले, तिथंच संसार केला. आई आणि बाबा, मग नुसती आई, मग एक दिवस कुणी नाही. गेल्या वर्षी आई गेली. जाण्याआधी तिनं सांगून ठेवलं होतं, मशीन नसीमचं आणि छपरी नि मधली खोली तिला वापरू द्या, तिचं काम चालू दे. मी हो म्हटलं. दवाखान्यात माणूस हो म्हणतो.

पण त्या व्हिडिओनं सगळं ढवळून काढलं. माझं मन म्हणायला लागलं, शिकवलं तिला, जवळ बसवलं तिला, मशीन तिला, आता लोकांसमोर काकूही तिचीच. माझ्या वाट्याला आईचं काय आलं? पेटीच्या तळाशी सहा वाकडे अभ्रे. मी ठरवलं, मशीन आणायचं. मला चालवता येत नाही तर न येवो. टेबलावर ठेवीन, फुलदाणी ठेवीन त्याच्यावर, पण माझ्या घरात ठेवीन. नसीमला येते म्हणून फोन केला आणि रविवारी गाडी काढली.

बोरी अरबमध्ये शिरताना वळणावर काच खाली केली. गुरगुर ऐकू आली. आई घरी आहे, असं वाटून गेलं, आणि लगेच राग आला, की असं वाटायला ही काय आई आहे?

नसीम आतल्या भिंतीशी चटईवर बसली होती. केस पांढरे, चष्मा कपाळावर, मोबाइल एका लाकडी काठीला कापडी पट्टीनं बांधून समोर उभा केलेला. त्या काठीलाही खोळ होती. मला बघून ती उठली, चहा ठेवला, फुटाणे दिले, यवतमाळच्या उन्हाची चौकशी केली. मी तिच्या व्हिडिओचं कौतुक केलं. मला वाटतं, माझ्या आवाजात कौतुक सोडून बाकी सगळं असावं. भिंतीवरचा कोनाडा तसाच होता. खिडकीखालची जागा अजून रिकामी, तिथं उन्हात तिनं मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी म्हटलं, इथं अंधारात का बसतेस, खिडकीपाशी बस. ती म्हणाली, काकूची जागा आहे, सवय झाली.

मी मुद्द्यावर येईना. कपबशी बाजूला सरकवली, जुन्या कॅलेंडरवरची धूळ झटकली. शेवटी तिनंच कपाटातून एक जाड निळी खोळ काढून माझ्या पुढ्यात ठेवली. वर हँडलसाठी चीर, बाजूला चाकासाठी फुगवटा, खाली नाडी, आत जुन्या ब्लँकेटचा थर. मशीनच्या मापाची.

"न्याले आली ना?" ती म्हणाली. "तू फोन केला तवाच समजलं मले. गाडीत खरचटन म्हणून शिवून ठेवली."

भांडायला तयार होऊन आलेल्या माणसाला कुणी पाट मांडून दिला की त्याचं कसं होतं, तसं झालं.

"पण एक अभ्रा शिवून जा," नसीम म्हणाली. "काकूच्या जागेवर बसून. तू कधीच बसली नाही तिथं."

खरंच बसले नव्हते. मी चटईवर बसले. माझे गुडघे कुरकुरले, मशीनचं चाकही कुरकुरलं. नसीमनं एक तुकडा दिला, निळ्या ठिपक्यांचा, आणि एक उशी. कसं करायचं ते तिनं सांगितलं नाही. मी उशी कापडावर ठेवली. दोन बोटं सोडली. वीतभर पदर घेतला. कड दुमडली, नखानं घडी मोडली आणि मी फुंकर मारली. कुणी शिकवली नव्हती. मलाच ठाऊक नव्हतं की ती माझ्या तोंडात आहे. मग फूल टाचलं, तोंड दुमडलं, आणि नसीम हसायला लागली.

मी थांबले. तिनं कापड माझ्या हातातून घेऊन फूल सरळ धरलं. तोंड उजवीकडे होतं.

"तू त समोरून शिकली," ती म्हणाली. "काकू समोरून उलटं शिकली, तू तिच्या समोर बसून उलट्याचं सुलटं केलं. मले त बाजूनंच शिका लागलं." आणि मग चष्मा पुसत म्हणाली, की एवढी वर्षं तिला वाटत होतं, ही पुस्तक वाचून राहिली आहे.

मला आनंद झाला होता आणि तो लपवायचा होता. मी पुन्हा चाक फिरवायला लागले. कुईं, टकटक, मग गुरगुर. नसीम चहाचे कप उचलून बाहेर गेली, ते धुऊन आली आणि पदरानं हात पुसत छपरीतच बसली. खांबाला टेकून. माझ्या जागी.

मी मान वर केली.

दाराची चौकट, त्या चौकटीत खांब, आणि खांबाशी बसलेलं माणूस. बस, एवढंच दिसत होतं. त्या जागेवरून रस्ता दिसत नाही, अंगण दिसत नाही, चूल दिसत नाही, खिडकी तर कडेला राहते. घरातल्या सगळ्या जागांमध्ये, जिथून फक्त माझी जागा दिसते, अशी ती एक जागा होती. खिडकीखाली बसलं असतं तर मध्ये भिंत आली असती. मी तशीच बघत राहिले. हात आपले चालूच होते.

"मले तुह्यी भल्ली जलन होत होती," नसीम तिथून म्हणाली. अगदी साध्या आवाजात, भाजी काय केली सांगावं तशी. "मी मांडीले मांडी लावून बसत होती काकूच्या. पण काकू पाहे तुह्याकडं. चाक फिरे, मान वर, पाहून घेतलं की मान खाली. मी इकडं चूक केली त चापट, अन् सोताचं हमेशा वाकडं. मी म्हणलं एकदा, काकू, शिवणीवर ध्यान द्या. त म्हणे, ते वाचून राह्यली का झोपली, एवढं पाहून घेतो."

तिनं खांबावरून हात फिरवला, जिथं माझं डोकं टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झालं आहे तिथं. "मलेही वाटे, इथं बसून पहावं एकदा. पुस्तक घेऊन. काकू कशी दिसते इथून."

मी विचारलं, कशी दिसते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, अंधारात आहेस, नीट दिसत नाही.

मी खाली बघितलं. निळ्या ठिपक्यांतून माझी शिवण सरळ येत होती, आणि मग ज्या क्षणी मी मान वर केली होती तिथून वाकडी झाली होती. दोन बोटं वाकडी. पुढं सुई कापडाबाहेरच गेली होती.

मशीन मी आणलं नाही. नसीमनं दोनदा विचारलं, खोळ वाया जाईल म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. माझ्या फ्लॅटमध्ये ते ज्या कोपऱ्यात मावलं असतं त्याच्या समोर भिंत आहे. तिथं बसून मी मान वर करून बघणार काय? मन एकदम मोठं झालं असं मात्र कुणी समजू नये. परतीच्या रस्त्यावर लाडखेडपर्यंत मला हेच सलत होतं, की आईचा हात तिच्या हातावर होता तो होताच. तिला ऊब मिळाली, मला नजर. वाटणी करणारीनं आम्हाला विचारलं नव्हतं, आणि दोघींनाही दुसरीचाच वाटा मोठा दिसला.

घरी आल्यावर पेटी उघडली. वरच्या पैठण्या, लेकीचा बाळंतविडा, नवऱ्याचा कोट हे सगळं बाजूला काढून तळाशी हात घातला. सहा अभ्रे, घडीवर पिवळे पडलेले, डांबरगोळ्यांच्या वासाचे. लग्न ठरल्यावर त्या उन्हाळ्यात आईनं ते शिवले होते, आणि त्या उन्हाळ्यात मी छपरीत खांबाला टेकून बी.एड.चा अभ्यास करत होते. एक उलगडला. उजेडात धरला, आई नसीमची शिवण धरायची तसा. बोट ठेवलं आणि कडेनं चालवत नेलं. सरळ, सरळ, सरळ, मग डुगलेली जागा. इथं मी बहुतेक पान उलटलं असेल. पुन्हा सरळ. पुन्हा वाकडं, जरा लांब. इथं मला डुलकी लागली असेल. कोपऱ्याशी तर एवढं वाकडं, की मी नक्कीच कशालातरी हसले असणार. नाहीतर रडले असेन. तो लग्नाआधीचा महिना होता.

आठ दिवसांनी नसीमचा नवा व्हिडिओ आला. माझा तो निळ्या ठिपक्यांचा अभ्रा तिनं उसवून पुन्हा शिवला होता, तोंड डावीकडे करून. खाली बायकांनी लिहिलं, ताई तुमचे जुने काही नमुने असतील तर दाखवा ना. नसीमचा लगेच फोन आला, काकूचे काही अभ्रे तुझ्याकडे आहेत का, दोन दिवसांसाठी दे, नुसते दाखवून परत करते.

मी म्हटलं, बघते हं, सापडले तर. फोन ठेवला आणि सहाच्या सहा अभ्रे घडी घालून माझ्या उशीखाली ठेवले.